बारा खुंट्या

एका बाजारगावात एक खडेवाली राहायची. सोन्यामोत्यांशी तिचा संबंध नव्हता. तिचं काम जुन्या काचेच्या खड्यांचं. नाटकमंडळींच्या मोडक्या मुकुटांतले, अंगरख्यांच्या बटणांतले, दात पडलेल्या फण्यांतले लाल, हिरवे, पांढरे खडे लोक तिच्याकडे आणून द्यायचे. ती पितळेच्या तारेत त्यांना नवी घरं करून द्यायची. कुड्या व्हायच्या, अंगठ्या व्हायच्या, गळ्यातले सर व्हायचे.

ही विद्या तिला तिच्या मामाने शिकवली होती. गाव सोडून जाताना मामाने तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या.

पहिली गोष्ट अशी, की जुन्या खड्याची आधी पाठ बघायची, मग तोंड. कारण काचेच्या खड्याची चमक त्याच्या पाठीला लावलेल्या चंदेरी मुलाम्यात असते. जुना मुलामा फार नाजूक. पाणी लागलं की तो सुटतो आणि खडा आंधळा होतो. नव्या खड्यांची पाठ पक्क्या रोगणाने झाकलेली असते, म्हणून ते रिठ्याच्या पाण्यात खुशाल धुवावेत. जुन्यांना मात्र फक्त कोरड्या मलमलीने पुसावं.

दुसरी गोष्ट भिंतीची. मामाने भिंतीत बारा खुंट्या ठोकल्या होत्या. घेतलेलं काम पुरचुंडीत बांधून खुंटीला अडकवायचं, झालं की उतरवायचं. "तेरावी खुंटी ठोकायची नाही," एवढं तो म्हणाला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि हिनेही विचारलं नाही. तेरा आकडा वाईट असेल, असं तिने आपलं धरलं.

खडेवालीच्या हातात कसब होतं, पण जीव चिमणीचा होता. शेजारी भांडं पडलं तरी ती दचकायची. दारात सावली आली की तिच्या हातातला चिमटा सुटायचा. आणि सगळ्यात जास्त भीती तिला 'नाही' म्हणायची वाटायची. आपण नाही म्हटलं तर माणूस रागावेल, रागावला की चौघांना सांगेल, ते चौघं बाजारभर सांगतील, मग आपल्या दारात कुणी पाऊल ठेवणार नाही. एवढं सगळं तिच्या मनात एका श्वासात होऊन जायचं. म्हणून कुणी काही आणलं, की त्याचं बोलणं संपायच्या आत ती म्हणायची, "ठेवा."

बारा खुंट्या भरल्या. तिने तेरावी काही ठोकली नाही. मामाचा शब्द तिने मोडला नाही. तिने एकेका खुंटीवर दोन-दोन पुरचुंड्या अडकवल्या. मग तीन-तीन.

ती दमली. बोटांच्या पेरांना तारेने चिरा पडल्या. खड्याकडे बघताना एका खड्याचे दोन दिसू लागले. जेवताना भिंत दिसू नये म्हणून ती भिंतीकडे पाठ करून बसायची, तरी पुरचुंड्या आपल्या पाठीकडे बघताहेत असं तिला वाटायचं.

शेजारी एक कासारीण बांगड्या विकायची. तोंडाने फटकळ, पण मनाने बरी. ती एकदा आत डोकावून म्हणाली, "अगं बाई, ही भिंत आहे की वटवाघळांचं झाड?"

"काय करू, मावशी? माणसं आणतात."

"आणतात म्हणून घ्यायचं? दोन दिवस दार लाव आणि झोप."

"आणि तेवढ्यात कुणी आलं म्हणजे?"

"येईल आणि जाईल. पाय आहेत ना त्याला?"

खडेवाली कसनुसं हसली. "त्यात एक पुरचुंडी तुझीही आहे. तुझ्या नथीची."

"माझी राहू दे गं," कासारीण म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"

एके दिवशी सकाळी कोष्ट्याची मुलगी आली. हातात रुमाल, रुमालात अंबाड्यात खोचायचं एक जुनं फूल. फुलाच्या पाकळ्या वाकल्या होत्या, दांडा तुटला होता, पण अकराही हिरवे खडे शाबूत होते.

"ताई, हे माझ्या आईचं," मुलगी म्हणाली. "आई मागावर बसायची आणि मी तिच्या पाठीमागे लोळत असायची. तिची मान हलली की हे हिरवं हिरवं चमकायचं. मी लहान होते तेव्हाच ती गेली. खोटं कशाला बोलू, तिचा चेहरासुद्धा मला आता नीट आठवत नाही. हे तेवढं आठवतं. माझं लग्न ठरलंय. याचा गळ्यातला सर करून..."

"ठेवा," खडेवाली म्हणाली.

मुलगी सांगू लागली, "लग्नाला अजून महिना..."

"आठ दिवसांत देते."

तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अक्षरशः काजवे चमकत होते. मुलीने रागवायच्या आधीच आपण लवकरचा वायदा करावा, एवढंच तिला सुचलं. तिने फुलातले खडे सोडवले, पांढऱ्या चिंधीत बांधले आणि पाचव्या खुंटीवर अडकवले. त्या खुंटीवर आधीच नव्या खड्यांची एक पुरचुंडी होती. तीही पांढऱ्या चिंधीचीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने नवे खडे धुवायला काढले. वाडग्यात रिठ्याचं पाणी केलं, पाचव्या खुंटीवरची पुरचुंडी काढली, सोडली, पाण्यात ओतली. पाठ बघायची राहिली. डोळे मिटत होते. खडे जरा भिजू देत, असं म्हणून तिने गुडघ्यावर डोकं टेकलं.

"अगं, झोपलीस की काय?" कासारणीच्या हाकेने ती दचकून उठली.

वाडग्यात पाण्यावर चंदेरी कपचे तरंगत होते, माशाच्या खवल्यांसारखे. तिने घाईघाईने खडे उपसले. अकरा होते. हिरवे होते. चार जिवंत राहिले होते. उरलेले सात तळहातावर नुसते पडून होते, आत उजेडच नसल्यासारखे.

तिला रडूही येईना. रडायलासुद्धा थोडी ताकद लागते.

कासारणीने वाडग्यात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. "मागे नवा चंदेरी कागद लाव."

खडेवालीने एका खड्याला लावून पाहिला. खडा चमकला खरा, पण पांढरट, भडक. त्या चार खड्यांशेजारी ठेवला तर परका दिसत होता.

"मग तुझ्या डब्यात असले हिरवे जुने खडे नाहीत?"

होते. खडेवालीने डबा उघडला. एका जुन्या मुकुटातले, त्याच मापाचे, जवळजवळ त्याच रंगाचे. मोजून सात मिळाले.

"झालं तर," कासारीण म्हणाली. "काच ती काच. त्या पोरीला काय कळणार आहे? आणि सांगून तरी काय होईल? ती रडेल, तू रडशील, बाजार हसेल. त्यापेक्षा तीही सुखी आणि तूही सुखी."

बोलणं खोटं नव्हतं. मुलीला कधीच कळलं नसतं. खडेवालीने ते सात खडे चार जिवंत खड्यांशेजारी मांडले आणि बघत बसली. सुंदर दिसत होते. पण तिच्या डोळ्यांपुढे मागावर बसलेली एक बाई येत होती, आणि तिच्या पाठीमागे लोळणारी एक पोर. त्या पोरीला आईचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होतं ते एवढंच, आणि ते आता आपण बदलायला निघालो आहोत.

आठव्या दिवशी मुलगी आली. पाटावर चार खडे एका ओळीत, सात दुसऱ्या ओळीत आणि मुकुटातले सात बाजूला मांडलेले होते.

"हे चार तुझ्या आईचे," ती म्हणाली. "हे सातही तुझ्या आईचेच. पण माझ्या हातून ते पाण्यात पडले. आता ते चमकणार नाहीत. आणि हे सात दुसऱ्या कुणाचे. हे लावले तर कुणालाच फरक कळणार नाही. तुलासुद्धा नाही. तू सांगशील तसं करते."

मुलीने एक आंधळा खडा उचलला, उलटा केला, परत ठेवला.

"मुद्दाम केलंत का?"

"नाही गं. दमले होते."

"दमला होतात, तर 'ठेवा' का म्हणालात?"

खडेवाली पाटावरचे खडे उगाच सरळ करू लागली.

"मी सांगत होते, महिना आहे म्हणून. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. मला आठ दिवसांत नकोच होतं, ताई. तुम्ही 'दोन वर्षांनी या' म्हटलं असतंत तरी मी आले असते." मग मुलीची नजर भिंतीकडे गेली. "या सगळ्यांना तुम्ही 'ठेवा' म्हणाला आहात?"

खडेवालीने होकारार्थी मान हलवली.

मुलीने मुकुटातले खडे बोटाने दूर सारले. "आईचेच लावा. अकराच्या अकरा. जसे असतील तसे." आणि ती निघून गेली. दार तिने आपटलं नाही, पण हळूही लावलं नाही.

त्या दिवशी खडेवाली पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून बसली. तिने पुरचुंड्या उतरवल्या. प्रत्येक खुंटीवर एकच ठेवली. उरलेल्या चोवीस टोपलीत घातल्या आणि टोपली घेऊन दारोदार फिरली. "आत्ता जमणार नाही. खुंटी मोकळी झाली की निरोप पाठवते," एवढंच वाक्य ती वाटभर घोकत होती. एक शिंपी तिच्यावर ओरडला. एका आजीबाईंना आपण काही दिलं होतं हेच आठवेना. बाकीचे "बरं" म्हणाले, आणि आपापल्या कामाला लागले. कासारीण मात्र नथ परत घेताना तोंड वाकडं करून म्हणाली, "वा गं! सुरुवात माझ्यापासूनच का?"

मग खडेवाली दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी तिने सर करायला घेतला. चार जिवंत खडे तिने बंद घरांत बसवले. सात आंधळ्यांची घरं मात्र मागून उघडी ठेवली, नुसती तारेची कडी. ज्याला पाठ उरलेली नाही, त्याच्या मागे पत्रा लावून अंधार तरी कशाला करायचा, असं तिला वाटलं.

लग्नाच्या मांडवात दुरून चारच खडे चमकत होते. "हार अर्धा झोपलाय," कासारीण तिच्या कानात कुजबुजली. खडेवालीने मान खाली घातली. पण सूर्य वर आला, मांडवाच्या फटीतून ऊन नवरीच्या गळ्यावर पडलं आणि त्या सात खड्यांतून ते आरपार गेलं. कातडीवर सात हिरवे डाग उमटले. मुलगी हलली की तेही हलायचे. तिला स्वतःला काही ते दिसत नव्हते. तिचा बाप अक्षता मुठीत धरून बघत राहिला. भटजींनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तो भानावर आला.

निघताना मुलगी खडेवालीपाशी थांबली. धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही. "आता खुंटीला एकच अडकवता ना?" तिने विचारलं.

"एकच."

"बरं," म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर काही दिवसांनी भरदुपारी खडेवालीच्या दारात मेणा थांबला. सरदारांची बाई आली होती, हातात जुना खड्यांचा बाजूबंद घेऊन. खडेवाली दचकली. तिची ती सवय काही गेली नव्हती. 'ठेवा' हा शब्द तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आला. तिने भिंतीकडे पाहिलं. बारा खुंट्या, बारा पुरचुंड्या.

"खुंटी मोकळी नाही, बाईसाहेब," ती म्हणाली.

भोई एकमेकांकडे बघू लागले. शेजारी कासारणीच्या हातातली बांगडी गिऱ्हाइकाच्या मनगटावर अर्ध्यातच राहिली. आता बाजार आपल्यावर कोसळणार म्हणून खडेवालीने डोळे मिटून घेतले.

"अस्सं," सरदारांची बाई म्हणाली. "मग कधी मोकळी होते?"

खडेवालीने डोळे उघडले. "पुढच्या चतुर्थीला."

"बरं. तेव्हा पाठवते."

आणि मेणा निघून गेला. एवढंच झालं. इतकी वर्षं ज्याला ती भीत आली होती, ते एवढंच होतं.

खडेवालीने दार लोटलं, चिमटा जागेवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निवांत आडवी झाली.

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: भीतीपोटी म्हटलेला 'हो' दुसऱ्याची ठेव बुडवू शकतो, म्हणून आपल्याला झेपेल तेवढंच घ्यावं, आणि बाकीच्यांना 'आज नाही' असं वेळेवर सांगावं.