अर्धा वर आणि चारचा चहा

पितळवाडी नावाचं एक एवढंसं गाव होतं. तिथं गोजरी नावाची एक एवढीशी पोर राहायची, आणि तिच्या घरातलं पीठ तर त्याहूनही एवढंसं होतं. डबा मात्र रिकामा नव्हता. तो घुंगरांनी गच्च भरलेला होता.

आता पिठाच्या डब्यात घुंगरं कशी आली, ते सांगतो. सावकाश ऐका.

गोजरीची आई हौसाबाई गेनूशेठच्या कारखान्यात कामाला होती. कुणी पितळ वितळवायचं, कुणी साच्यात ओतायचं, कुणी घुंगराच्या पोटात इवलासा खडा सोडायचं, आणि हौसाबाई चिंचेनं घासून घासून त्याला सोन्यासारखं करायची. अशी सगळी मिळून आठ माणसं. पण त्या वर्षी मंदी आली. मंदी आली की लोकांच्या हातात पैसा राहत नाही, आणि पैसा नसला की माणूस आधी मीठ आणतो, नाचायचं मागाहून बघतो. गाडाभर घुंगरं बाजाराला जायची आणि तशीच छुमछुमत परत यायची.

गेनूशेठनं आधी दिवाळीचा बोनस बंद केला. मग चारचा चहा बंद केला. मग म्हणाला, पैसे काही नाहीत, पगाराची घुंगरंच घेऊन जा.

वाण्यानं पहिल्या महिन्यात घुंगरं घेऊन तांदूळ दिले. दुसऱ्या महिन्यात घुंगरं घेऊन नुसता सल्ला दिला. तिसऱ्या महिन्यात हौसाबाईच्या पिशवीची छुमछुम लांबून ऐकली की तो दुकानाच्या फळ्या लावू लागला.

मग गावानं तरी काय करावं? शेळ्यांना घुंगरं, कोंबड्यांना घुंगरं, पाळण्यांना, केरसुण्यांना, विहिरीच्या बादलीलासुद्धा घुंगरं. पितळ ओतणाऱ्या म्हाताऱ्या लखूमामानं आपल्या काठीलाच सोळा बांधली. त्याची सून म्हणायची, मामंजी येतायत की वरात येतेय, काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यावी अशी नव्हती. शनिवारी गेनूशेठ चार नावं वाचणार होता. त्या चौघांनी सोमवारपासून कामावर यायचं नाही. हौसाबाई सगळ्यांत शेवटी कामाला लागलेली, म्हणजे तिचं नाव त्यात असणारच. आणि तिचं काम गेलं, की मायलेकींना गाव सोडून जावं लागणार होतं.

मंगळवारी सकाळी गोजरी आईसाठी चिंचा वेचायला गावामागच्या बनात गेली. चिंचेची पानं पोपटी, बाळाच्या नखाएवढी. त्यांतून ऊन गळत होतं आणि खाली सोन्याच्या टिकल्याच टिकल्या सांडत होत्या. गोजरीनं वर पाहिलं, तर फांदीवर एक बाई बसलेली. चांदीचे झुळझुळते केस, गुलाबी झगा, मोरपिसासारखे चमचमते दोन पंख. एका पंखाला ठिगळ होतं.

चिंचेवर कोण राहतं ते गोजरीला माहीत होतं. तिनं हात जोडले आणि विचारलं, "तुम्ही हडळ का हो?"

"परी आहे मी," ती बाई जरा दुखावून म्हणाली. "बकुळीवर राहायचे. तिथलं भाडं परवडेना."

परी खाली उतरली तेव्हा तिच्या पोटात गुरगुरलं. ते गोजरीनं ऐकलं. तिच्या फडक्यात अर्धी भाकरी होती, लसणाची चटणी होती. तिनं त्यातली अर्धी मोडून दिली, आणि परीची नजर दुसऱ्या अर्ध्यावर गेलेली पाहून तीही दिली. परीनं डोळ्यांतून पाणी काढत चटणीसकट सगळं खाल्लं.

मग तिनं आपली कहाणी सांगितली. परीलोकातही मंदी होती. परी पावलं न वाजवता येते, वाट बघते, आणि लेकरांना पत्ताच नसतो. कुणी वर मागत नाही. वर मागितले नाहीत, की पऱ्यांना काम नाही. पंखांना लावायचं तेल मिळायचं, ते बंद झालं. पगार म्हणून इंद्रधनुष्याचे तुकडे देतात.

"रंग सात आहेत," परी म्हणाली, "पण एकालाही चव नाही."

गोजरीला वाटलं, ही तर अगदी आपल्या घरचंच सांगतेय.

परीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पूर्वी आम्ही तीन वर द्यायचो, बाळ. आता वरून हुकूम आलाय. भल्या पोरीला अर्धा. आणि तो नुसत्या आपल्या घरापुरता मागायचा नाही."

"अर्धा म्हणजे कसा?"

"तू मागशील त्यातलं अर्धं मी देईन. उरलेलं अर्धं तुमचं तुम्ही बघायचं."

गोजरीनं डोळे मिटले. म्हणाली, "कारखान्यातल्या आठही जणांचं काम राहू दे, आणि त्यांचा चारचा चहा परत सुरू होऊ दे."

परीनं कांडी फिरवली. फुसकन निळ्या-जांभळ्या ठिणग्या उडाल्या. गवतात एक पिटुकली पितळी किटली उभी राहिली, लिंबाएवढी. परी ओशाळली. म्हणाली, चहाचं अर्धं निघालं गं. पण किटलीची एक अट आहे. आठांपैकी आठ जण समोर असले तरच ती ओतते. एक जरी कमी असला, तर थेंब नाही.

गोजरीला रडू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. तिला परीची खाली गेलेली मान दिसत होती. तिनं आपल्या पायांतली घुंगरं सोडली आणि परीच्या गोऱ्या, बिनआवाजाच्या पायांत बांधली. म्हणाली, "घ्या. आता तुम्ही आलात की कळेल तरी."

त्या दुपारी चारला किटली कारखान्यात गेली. लखूमामा म्हणाला, एवढ्यात तर मुंगीचीसुद्धा तल्लफ भागायची नाही. पण हौसाबाईनं ओतलं, आणि आठ कप काठोकाठ भरले. वेलदोडा, आलं, गुळाचा रंग. वास गेनूशेठच्या खोलीत गेला आणि पाठोपाठ गेनूशेठ बाहेर आला. नवव्या कपात त्यालाही मिळाला. पिऊन त्यानं रिकामा कप बोटानं पुसून चाटला. बुधवारी तो साडेतीनलाच कप घेऊन येऊन बसला. गुरुवारी तीनला. शुक्रवारी जेवलाच नाही, म्हणे भूक चहासाठी राखून ठेवलीय.

शनिवारी अडीचला त्यानं खाली मान घालून चार नावं वाचली. शेवटचं नाव हौसाबाईचं होतं. चौघं डबे उचलून निघाले.

चार वाजले. गेनूशेठनं किटली वाकडी केली. काही नाही. हलवली, फुंकली, कानाशी नेली. आत समुद्रासारखी गाज ऐकू येत होती, पण थेंब पडेना. दारात उभ्या गोजरीनं मग किटलीची अट सांगितली.

गेनूशेठ चप्पल न घालताच धावला. एकाला वडाखाली गाठलं, दुसऱ्याला घरातून आणलं. किटलीतून नुसती वाफ आली. तिसरा आला, तेव्हा तोंडाशी एक थेंब आला, लटकला आणि परत आत गेला. मग शेठ हौसाबाईच्या दारी आला. ती भांडी बांधत होती.

"हौसाबाई, चला," तो धापा टाकत म्हणाला. "चहा अडलाय."

हौसाबाईनं पदर खोचला. ती सावकाश बोलली. "शेठ, चहाला येईन. पण घुंगरं शिजत नाहीत. काम थोडं असेल तर आठही जण अर्धा अर्धा दिवस येऊ. कुणाला काढू नका, आणि जेवढं काम होईल त्याचा पगार पैशात द्या."

शेठ म्हणाला, पैसे कुठून आणू? हौसाबाईनं फक्त शेठच्या माडीकडे पाहिलं. तिथं त्याचा झोपाळा चांदीच्या कड्यांवर झुलत होता. शेठनंही तिकडे पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, चहाची वेळ टळत चालली होती, आणि हो म्हणाला. आठही जण समोर आले, तशी किटली ओतू लागली. कड्या विकल्या, पगार झाले, आणि झोपाळा काथ्याच्या दोरीवर आला. तो आता कुरकुरायचा. शेठ म्हणायचा, झोप छान लागते.

असे दोन महिने गेले. एका सकाळी चिंचेच्या बनातून छुमछुम ऐकू आली. गोजरी धावली. परीच्या पंखावर ठिगळ नव्हतं, आणि तिच्यामागे निळ्या, केशरी, लिंबोणी पऱ्यांची रांग होती. घुंगरं वाजल्यावर लेकरांना परी आलेली कळू लागली होती, वरांवर वर मागितले जात होते, आणि आता प्रत्येक परीला घुंगरं हवी होती. सोन्याची नाणी देऊन. वाण्याच्या पोत्यांतली घुंगरंसुद्धा खपली. कारखान्यात पूर्ण दिवसाचं काम आलं, पूर्ण पगार आला, आणि दिवाळीचा बोनसही.

परी म्हणाली, "तुझा उरलेला अर्धा वर आमच्याकडे बाकी आहे, गोजरे. आता आमचे दिवस पालटलेत, स्वतःसाठी माग."

गोजरीनं पुष्कळ विचार केला. "आईला एक दिवस भरपगारी सुट्टी. माझ्याबरोबर बसायला."

"अर्धाच वर आहे गं. अर्धाच दिवस मिळेल."

"मग सकाळचा द्या," गोजरी म्हणाली. "चारला तिला चहाला जायचं असतं."

परी खुदकन हसली. पानापानांतून लख्ख सोनेरी उजेड फुटला, त्यात गुलाबी मिसळला, चांदीचा मिसळला, आणि त्या उजेडात ती विरघळून गेली. छुमछुम मात्र थोडा वेळ मागे राहिली. आणि त्याच वाटेनं, हात पुसत, हौसाबाई येताना दिसली.