न थांबणारा पट्टा

आंघोळीला बसलेल्या उदाजी महाराजांच्या तोंडाला साबण फासलेला, आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी गेलं!

नदीवरच्या पंपाचा पट्टा इंजिनाच्या चाकावरून घसरला होता. महिन्यातली ही चौथी खेप! महाराज डोळे चोळत, पंचा सावरत बाहेर आले आणि त्याच अवतारात त्यांनी हुकूम सोडला, "आपल्या संस्थानात इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे ना? मग आठ दिवसांत असं यंत्र हजर करा, ज्याला तेल नको, कोळसा नको, पाणी नको, बैलही नको. पण त्याचा पट्टा थांबता कामा नये! नाही जमलं, तर कॉलेजाला कुलूप!"

झालं! सुरंगगडचं कॉलेज मुळापासून हादरलं. प्रिन्सिपल वर्दे डोक्याला ओला फडका बांधून बसले. स्थापत्यवाले म्हणाले, हे काम यंत्रवाल्यांचं. यंत्रवाले म्हणाले, विजेवाल्यांचं. विजेवाल्यांनी आभाळाकडे बोट दाखवलं.

पण सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागला होता तो कस्तुराचा. कस्तुरा म्हणजे येसू गिरणीवाल्याची लेक. पिठाच्या गिरणीतच वाढलेली, पट्ट्याच्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारी. मॅट्रिक झाली, कॉलेजचा अर्ज भरला, तर वर्दे सर म्हणाले होते, "मुलीला घ्यायचं तर महाराजांची सही आण." आता कॉलेजच उरलं नाही, तर त्या सहीचं काय लोणचं घालायचं?

विचार करकरून तिचं डोकं फिरायची वेळ आली. इतक्यात शेजारच्या भागामावशी दळण न्यायला आल्या. दळण केव्हाच झालं, इंजिनही बंद झालं, तरी डबा कडेवर घेऊन मावशी दारातच बोलत उभ्या! येसू वैतागून काहीतरी पुटपुटला आणि कस्तुरा टाळी वाजवून उठली.

"सापडलं! मावशी, राजवाड्यात येता?"

"अगं, विचारतेस काय! तिथल्या पडद्यांना कसलं कापड लावलंय, तेवढंच बघायचं राहिलंय माझं!"

आठव्या दिवशी भरल्या दरबारात चार गड्यांनी एक खुर्ची आणून ठेवली. वर चादर घातलेली. चादरीखाली काहीतरी हलत होतं.

"हे यंत्र?" महाराज पुढे सरसावले. "चालतं कशावर?"

"नुसती कळ दाबायची, महाराज." कस्तुरानं चादर ओढली आणि विचारलं, "मावशी, आपल्या कॉलेजात शिकलेल्या पोरांचं पुढं काय झालं हो?"

"काय व्हायचंय! वाकणकरांचा थोरला घाटात पूल बांधतो, पण घरी बायकोची चूल बांधायला गवंडी बोलावतो! धाकटा वीजघरात लागला. साऱ्या गावाला उजेड देतो आणि स्वतः बटणाला हात लावायला घाबरतो! देसायांचा जावई रेल्वेत आहे, आगगाडीची इंजिनं दुरुस्त करतो. पण सासुरवाडीला येतो बैलगाडीनं! का म्हणाल तर... अगं बाई, हे पडदे रेशमी आहेत की काय? तरी मी म्हटलंच होतं..."

महाराज चक्रावले. "अगं पोरी, ही चेष्टा आहे का? पट्टा कुठाय?"

"तोंडाचा पट्टा, महाराज! तेल नको, कोळसा नको. आमच्या गिरणीचा थांबतो, पण हा मी जन्मल्यापासून थांबलेला नाही!"

दरबारात खसखस पिकली. पण महाराज हट्टाला पेटलेले. घटका गेली, दुसरी गेली, मावशी पडद्यांवरून दिवाणजींच्या व्याह्यांवर आणि व्याह्यांवरून त्यांच्या म्हशीवर आल्या. पट्टा सुरूच!

"चालतं, कबूल!" महाराज ओरडले. "पण यंत्रानं काहीतरी काम करायला नको?"

"करतं ना! मावशी, महाराजांच्या नळाचं पाणी का हो जातं?"

"अय्या, ते तर साऱ्या गावाला ठाऊक आहे! पट्ट्याला तेल चोपडलं की! पंपावरच्या ड्रायव्हरची बायको माझ्या मावसनणंदेची जाऊ. ती म्हणाली, हे नको नको म्हणत होते, पण वरून हुकूम आला. 'दुपारी झोप लागत नाही, पट्टा कुरकुरतो, त्याला तेल घाला!' आता हुकूम कुणाचा म्हणाल, तर..."

मावशींचं बोट हवेत फिरत फिरत सिंहासनापाशी येऊन थांबलं. बोटच थांबलं हं, पट्टा नव्हे!

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. वर्दे सरांचा फडका पुन्हा डोक्यावर गेला. कस्तुरा हात जोडून म्हणाली, "महाराज, तेल चाकाच्या आसाला आणि पट्ट्याला राळ. पट्टा कोरडा हवा, तरच चाकाला धरून राहील. तेल लावलं की तो घसरणारच!"

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. मग मिशी थरथरली. अगदी शेवटचा डाव म्हणून ते म्हणाले, "बरं, शहाणे! यंत्र दिलंस, काम दाखवलंस. आता हे बंद कसं करायचं, तेही सांग!"

"महाराज, ते अजून कुणालाच जमलेलं नाही. तेच शिकायला तर कॉलेजात जागा मागतेय!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळत दिवाणजींच्या मांडीवर गेली! हसता हसताच त्यांनी अर्जावर सही ठोकली. "हिचं सगळं शिक्षण दरबारातर्फे! आणि पास झाली की पंपघराची मुख्य इंजिनिअर हीच! तोवर पट्ट्याला तेलाचा थेंब लावाल तर खबरदार. मी कापूस कानात घालून झोपेन! आणि मावशींना या पडद्याचं एक अख्खं रेशमी लुगडं!"

कस्तुरा अर्ज छातीशी धरून मावशींसोबत दारापर्यंत पोचली, तोच मागून हाक आली, "अहो मावशी, थांबा! तो देसायांचा जावई बैलगाडीनंच का येतो, ते राहिलंच की!"

"इश्श, महाराज, एवढंही कळलं नाही? आगगाडीचं इंजिन त्यानंच दुरुस्त केलेलं असतं ना!"