मुठीतली जागा

वस्तूंना वाचा होती त्या काळची ही गोष्ट. एका कारागिराच्या मेजावर उजेडाच्या तलवारीची पोकळ मूठ पडली होती; शेजारी आत बसवायचे सुटे भाग होते: विजेचा सेल, आवाजाचा भोंगा, दिवा, बटण आणि तार. संध्याकाळी ती तलवार नाटकातल्या राणीच्या हाती जायची होती.

"ताकद माझी, तेव्हा मधली जागा माझीच!" असं म्हणत जाडजूड सेल आत घुसला. मागून आलेला भोंगा तोंडाशीच अडकला, आणि दिव्यापर्यंत पोचायला तारेला फटच उरली नाही. तलवार काही पेटेना.

"सेलदादा, जरा बाहेर येता?" तार म्हणाली. सेल कुरकुरत निघाला. तार रिकाम्या मुठीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आली.

"दिवा पुढे, बटण राणीच्या अंगठ्याखाली, भोंगा बुडाशी, म्हणजे आवाजाला वाट मिळेल. दादा, तुम्ही भोंग्याला टेकून बसा."

"आणि तुझी जागा?"

"तुम्ही सगळे बसल्यावर उरेल ती."

सेल थक्क झाला. इतक्यांचा विचार त्याला कधी सुचलाच नव्हता. तो गुमान मागे गेला आणि तारेसाठी अंग चोरून बसला.

संध्याकाळी राणीने बटण दाबलं. मुठीतल्या अंधारात सेलला उजेड दिसला नाही, पण मांडवभर उठलेला "अहाहा!" त्याने ऐकला.

"तारताई," तो हळूच म्हणाला, "ही वाहवा तुझ्यासाठी हं."