अबलख घोड्यावरच्या स्वाराचं औषध

एका राज्यात किन्नरी नावाची राणी होती. जिभेची भारी गोड. दासीनं पाण्याचा पेला पुढे केला तरी म्हणायची, "उपकार झाले गं बाई."

तिच्या एकुलत्या राजपुत्राला डांग्या खोकला जडला. खोकून खोकून पोर निळंजांभळं व्हायचं. वैद्यांची मात्रा झाली, झाडपाला झाला, गुण कशानंच येईना.

पिंजऱ्यातली साळुंकी बोलली, "राणीबाई, तुमचे सासरे दुखण्यातून उठले, तेव्हा औषध देणाऱ्या स्वाराच्या हातात त्यांनी सोन्याचं कडं घातलं. औषधाची परतफेड करायची नसते; ती झाली नि शाप लागला. माळावरची विहीर आटली, राज्यात औषध लागू पडेनासं झालं. ते कडं आजही त्याच्या मनगटातून निघत नाही. त्याच्या अबलख घोड्याला आडव्या जा. स्वार सांगेल ते करा. मात्र कुणाचे उपकार मानाल, तर लेकराला मुकाल."

राणी लेकराला कडेवर घेऊन वाटेत उभी राहिली. काळ्यापांढऱ्या घोड्यावरून म्हातारा आला.

"बाबा, डांग्या खोकल्याला काय करू?"

"लोहाराच्या डोणीतलं पाणी पाज. गाढवाच्या पोटाखालून पोर तीनदा काढ. मग त्याचं अंगडं माळावरच्या विहिरीजवळच्या झाडाला बांध."

लोहार तापलं लोखंड डोणीत विझवत होता. त्यानं वाटीभर पाणी दिलं. राणीनं ते लेकराला पाजलं, ओठ घट्ट मिटले नि चालू लागली.

कुंभारणीनं गाढव धरलं. राजपुत्र तीनदा खालून सरपटला, तशी ती हसत सुटली. "अगं बया! आता हे गाढव माती वाहील होय? पालखी मागंल मेलं!" राणीलाही हसू फुटलं. पण बोलली नाही.

विहिरीवर स्वार उभाच होता. राणीनं अंगड्याची गाठ मारली. पोरानं एक मोठा श्वास घेतला. खोकला नाही! ते खुदकन हसलं. राणीच्या डोळ्यांना धार लागली, शब्द दातांपर्यंत आले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, म्हाताऱ्याकडे पाठ फिरवली नि तरातरा निघाली.

मागं छन्न झालं. कडं निसटून कोरड्या विहिरीत पडलं, नि खालून पाणी उसळून काठाला आलं.

"काय उद्धट सून आहे हो राजाची!" म्हातारा मोकळं मनगट चोळत पोटभर हसला.

तेव्हापासून त्या राज्यात औषध लागू पडतं. देणारा देतो, घेणारा गुपचूप जातो, कुणी रुसत नाही.

वाटेत राजपुत्रानं विचारलं, "आई, आजोबांना काहीच म्हणाली नाहीस?"

"म्हणाले असते, तर तू हे विचारायला राहिला नसतास," राणी म्हणाली, नि वाड्यापर्यंत त्याचे मुके घेत राहिली.