गुलाबी पंखांचा चाहता

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका तळ्यावर सांजी नावाची रोहित पक्षीण एकटीच मागे राहिली. पंख दुखावला होता, म्हणून थवा तिच्याविना उडून गेला. दुसऱ्याच दिवशी धवल नावाचा बगळा तिला मागणी घालायला आला.

"मला लहानपणापासून गुलाबी पक्षिणीच आवडतात," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्या कशा नाजूक, अबोल, सोशिक!"

सांजी तर थव्यातली सगळ्यांत बडबडी. कौतुकाने ती सुखावली, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. ती आईबद्दल सांगू लागली, की धवल तिच्या पंखांकडे टक लावून बसे आणि मध्येच म्हणे, "जरा एका पायावर उभी राहा ना!"

एके सकाळी तो सहज बोलून गेला, "गेल्या वर्षीही एक होती. थेट तुझ्यासारखीच."

"तिचं नाव काय होतं?"

धवलने बराच वेळ आठवून पाहिलं. "रंग मात्र तुझ्याहून गडद होता."

"आणि माझं नाव? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"गुलाबी... काहीतरी," बगळा पुटपुटला. सांजी दुखरा पंख सावरत पलीकडच्या काठाला निघून गेली.

तिथे ती चिखलात चोच घालून खाऊ लागली, तर एक बदक तिला निरखत होतं.

"तुलाही गुलाबी रंग आवडतो वाटतं?" तिने दरडावलं.

"नाही गं. डोकं उलटं करून चिखल कसा गाळतेस, ते बघतोय. माझ्या तर नाकात गेला. नाव काय तुझं?"

"कशाला हवंय?"

"हाक मारायला," बदक शिंकत म्हणालं.

सांजीने नाव लगेच सांगितलं नाही. चोच कशी धरायची, ते मात्र दाखवलं.