अर्ध्या नदीचा धडा

एक वस्ताद होता. कुस्तीचा नव्हे, पाण्याचा. नदीकाठच्या एका मोठ्या गावात त्याने चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोकांना पोहायला शिकवले होते, आणि त्याच्याकडे शिकला नाही असा पुरुष त्या गावात शोधूनही सापडला नसता. पुढे वय झाले, छातीत दम उरला नाही, तेव्हा तो काठावरच्या दगडावर बसून शिकवू लागला.

रोज सकाळी तो कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसे, बराच वेळ आकडे मोजी, आणि मग हात बाहेर काढून गारठ्याने बोटे आखडली नाहीत ना, अंगठा करंगळीला लागतो का ते पाही. लोकांना त्याची मौज वाटे. कोणी विचारले तर तो सांगे की नदीचे ऋतू आपल्या ऋतूंच्या मागून चालतात. आश्विनात पहाटे अंगावर काटा येतो, पण पाण्यात अजून भाद्रपदाची ऊब असते. माघ सरून ऊन चटके देऊ लागते, तरी पाण्यात पौष ठाण मांडून बसलेला असतो. वैशाखातसुद्धा वरचे पाणी कोमट आणि खाली डोहात गारठा. पावसाळ्यात नदी ओढून नेते हे कोणालाही दिसते, म्हणून तेव्हा कोणी आत जात नाही. माणसे बुडतात ती इतर महिन्यांत, असे तो म्हणे. लोक माना डोलावत आणि घरी जाऊन विसरत. आपणही तेच करतो, तेव्हा त्यांना फार नावे ठेवू नका.

या वस्तादाकडे परगावाहून एक शिष्य आला. अंगाने मजबूत, मेहनती, बोलायला कमी. दोन वर्षांत तो नदी आरपार पोहून परत येऊ लागला. आता वस्ताद आपल्याला काही अवघड विद्या देईल, अशी त्याची समजूत होती. वस्तादाने काय केले? तिसरे वर्षभर त्याला एकच धडा दिला. नदीत मध्यापर्यंत जायचे. तिथे अंगठा करंगळीला लावून पाहायचा. दोन्ही भेटले तर पुढे, नाहीतर परत फिरायचे. आणि भेटोत वा न भेटोत, काठावरून वस्तादाने हात वर केला, की त्याच क्षणी वळायचे. मग पैलतीर चार हातांवर का असेना.

वस्तादही हट्टी. शिष्य अगदी पैलतीराशी पोचला की तेव्हाच नेमका हात वर करी. गावाला विषय मिळाला. पोरे शिष्याला ‘अर्ध्या नदीचा पैलवान’ म्हणू लागली. शिष्य मनातून चिडे, एकदा तर त्याने गाठोडे बांधायला घेतले होते. पण गुरू केला आहे तर निभावला पाहिजे, एवढ्या एका विचाराने तो राहिला.

वस्तादाला मार्तंड नावाचा एकुलता एक मुलगा होता. वय चोवीस, मागच्याच वर्षी लग्न झालेले. भर श्रावणातल्या पुरात उडी घेऊन त्याने वाहून जाणारी म्हैस काठाला लावली होती. बापाची सगळी विद्या त्याने घेतली होती. फक्त परत फिरण्याच्या धड्याला तो हसत असे. पुढे जायचे नाही तर माणसाने पाण्यात उतरावेच कशाला, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते ऐकायला सगळ्यांना बरे वाटे.

त्या गावाची एक रीत होती. धुळवडीच्या दिवशी सगळा गाव रंगलेला नदीवर जाई, आणि एक पट्टीचा पोहणारा पैलतीरावरच्या पळसाची फुललेली फांदी तोंडात धरून घेऊन येई. ती फांदी देवळात लागली की शिमगा पुरा झाला. त्या वर्षी मान मार्तंडाचा होता.

होळीच्या दोन दिवस आधी वर, डोंगराकडे गारांचा पाऊस झाला. गावात टिपूसही नव्हता, कडक ऊन होते. पण धुळवडीच्या सकाळी वस्तादाने पाण्यात हात घातला आणि साठही आकडे मोजून होण्याआधी बाहेर काढला. करंगळीपाशी अंगठा पोचत नव्हता. त्याने उठून चावडीपाशी जमलेल्या मंडळींना सांगितले की आज कंबरेच्या पुढे कोणी उतरू नये, आणि फांदी यंदा चालत जाऊन वरच्या उथळ उतारावरून आणावी. तिथे एक व्यापारी होता, गावातला मोठा माणूस. तो हसून म्हणाला, “वस्ताद, होळी जळाली, थंडी पळाली. तुमचीच तेवढी पळत नाही.” सगळे हसले. मार्तंडही हसला. सूनबाई समोरच घराच्या दारात उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. हे सगळे पालथ्या घड्यावर पाणी आहे हे वस्तादाला कळले. त्याने शिष्याला सकाळपासून कंबरभर पाण्यात उभे केले आणि त्याच्या पुढे कोणाला जाऊ द्यायचे नाही असे बजावले.

दुपारी मार्तंड निघाला. त्याला शिष्य काय अडवणार? तो पोहत पैलतीराला गेला, फांदी तोडली, उघड्या अंगाने वाऱ्यात थोडा वेळ बसला आणि परत पाण्यात शिरला. गाव ढोल वाजवत होता. नदीच्या मध्याच्या अलीकडे आल्यावर त्याचे हात मंद झाले. मग ते पाण्याबाहेर येईनासे झाले. मान मागे पडली. तो ओरडला नाही. बुडणारा माणूस ओरडत नसतो, त्याला श्वासच पुरत नाही. काठावर हे फक्त वस्तादाला कळले. गावाची नाव दुरुस्तीसाठी वाळूवर उपडी पडलेली होती. वस्तादाने शिष्याला हाक मारून बोट दाखवले, आणि शिष्याने स्वतःला पाण्यात झोकून दिले.

तो वेगाने गेला. अंतर तुटत गेले. आता ढोल थांबले होते आणि सगळा गाव बघत होता. मार्तंड दोन कासऱ्यांच्या दोराएवढ्या अंतरावर राहिला असताना शिष्याला जाणवले की आपले हात आपले राहिलेले नाहीत. सकाळपासून तो त्याच पाण्यात उभा होता. सवयीने त्याने अंगठा करंगळीकडे नेला. तो मधल्या बोटापर्यंतही गेला नाही. सवयीनेच त्याने मान वळवून काठाकडे पाहिले.

वस्तादाचा हात वर होता.

शिष्य वळला. कसा वळला हे त्याला नंतर कधी सांगता आले नाही. कंबरभर पाण्यात चौघांनी त्याला धरून ओढून काढले, तेव्हा त्याला उभेही राहता येत नव्हते. नदीच्या मध्यावर पळसाची फांदी तेवढी तरंगत होती. मार्तंड तिसऱ्या दिवशी, दोन कोस खाली सापडला.

गावाने काय म्हणायचे ते म्हटले. बापाने मुलाला मारले म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणाले. सून माहेरी गेली, ती वस्तादाच्या पाया न पडता गेली. वस्तादाच्या बायकोने, म्हातारीने, बोलणे सोडले. ती ताट वाढून ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून बसे. बोलणाऱ्यांत तो व्यापारीही होता, आणि त्याला स्वतःचे सकाळचे वाक्य आठवत नव्हते.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी शिष्य ओटीवर वस्तादासमोर येऊन बसला. या चौदा दिवसांत त्याने धड अन्न खाल्ले नव्हते. तो म्हणाला, “वस्ताद, दोनच कासरे होते. मी पोचलो असतो. तुम्ही हात का वर केलात?”

वस्ताद म्हणाला, “पोचला असतास. तिथून दोघांना कोण आणणार होते? तुझी बोटे मला काठावरून दिसत नव्हती, पण पाण्याखाली जाऊ लागलेले तुझे खांदे दिसत होते. ज्याचे खांदे असे झाले त्याला स्वतःचेही ओझे पेलत नाही. बुडणाऱ्याने मिठी मारली असती आणि दोघेही गेले असते. एवढा हिशेब माझा झाला होता. पण खरे सांगू? हात वर केला, आणि त्याच क्षणी मनापासून वाटले की तू मान वळवू नयेस. तू पाहू नयेस. तू मरावेस पण एकदा त्याच्यापर्यंत जावेस, असे मला वाटले. मी तुझा गुरू आहे आणि मला असे वाटले, हे तुला माहीत असावे.”

शिष्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. वस्ताद पुढे म्हणाला, “तुझ्या जागी मी असतो तर वळलो नसतो. पाण्यातल्या माणसाला स्वतःचे कळत नाही. म्हणून काठावर दुसरा लागतो. चाळीस वर्षे मी हेच शिकवले.”

शिष्याने विचारले, “मग मार्तंडदादांसाठी का नाही हात वर केलात? ते जाताना?”

“केला होता,” वस्ताद म्हणाला. “तो मध्यावर होता तेव्हाच केला. त्याने पाहिलेही. त्याने आपला हात वर करून मला हलवून दाखवला, हसत. गावाला वाटले बापलेक एकमेकांना रामराम करताहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

शेवटी शिष्याने एवढेच विचारले की जे कोणी ऐकतच नाही, ते पुढे शिकवायचे तरी कशाला.

वस्ताद म्हणाला, “शंभरांना शिकवशील तेव्हा एखादा वळेल. त्या एकासाठी शिकवायचे. माझा एक मला मिळाला. तो माझ्या घरातला नव्हता, एवढेच.”

मग दोघेही ऊन उतरेपर्यंत तिथे बसून राहिले. आत म्हातारीने ताट वाढल्याचा आवाज झाला, पण कोणीच उठले नाही.