बिनआवाजाचं मशीन

"आणि रेडिएटर?" उस्तादांनी विचारलं.

"दोन. जाड."

"धातू?"

"तांबं. प्रोसेसरवरचा ब्लॉकपण तांब्याचा. ॲल्युमिनियमचं काहीच नाही. दोन धातू एका पाण्यात आले की एक दुसऱ्याला खातोय."

उस्तादांनी मान डोलावली. हे त्यांनीच शिकवलेलं होतं. पोरगा मात्र असं सांगत होता, की शोध त्याचाच.

इलाही मोमीन उस्ताद इचलकरंजीत पाण्यावर थंड होणारे कॉम्प्युटर जोडायचे. मोठमोठे गेम खेळणारी पोरं लांबून त्यांच्याकडं येत. अभिनंदन चौगुले हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. आपण हुशार आहोत हे त्याला सांगावं लागत नसे. दुसऱ्यांची मशीनं त्यानं पुष्कळ जोडली होती. आज पहिल्यांदा तो स्वतःच्या मशीनचे भाग निवडत होता.

"पाणी निळं टाकणार न्हवं? पोरांना निळं लई आवडतंय."

"साधं. रंग ब्लॉकच्या जाळीत बसतोय. मग पंपाला जोर लागतो, आणि जोर लागला की आवाज."

"पंखे?"

"मोठे. हळू फिरणारे. प्रत्येकाखाली रबर."

"नळ्या काचेसारख्या कडक घे की. दिसायला झकास."

"नको. कडक नळी पंपाची थरथर सगळ्या पेटीला देते. मऊच."

उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अभी, तू मशीन जोडतोयस, का मौनव्रत घेतोयस?"

अभिनंदन हसला नाही.

"आवाज नको, उस्ताद. अजिबात नको."

"का?"

"आप्पा दिवसा झोपतात," तो म्हणाला. "रात्रभर लूमवर कापड विणत उभं राहून येतात. घरात एकच खोली. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. मी दिवसा गेमच्या स्पर्धांची तयारी करतो, आणि माझ्या कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा ओरडतो. त्यांची झोप होत नाही. डोळे बघा त्यांचे, सारखे लाल असतात."

"मग?"

"पुण्याच्या गेमिंग टीमनं मला राहायला खोली देऊ केलीय. आप्पापण म्हणतात, जा. हे मशीन गप्प झालं तर मी इथंच राहणार. नाहीतर जाणार. आप्पांची झोप मोडून मला खेळायचं नाही."

पोरगा गर्विष्ठ होता, पण त्याचं मन सोन्याचं होतं, आणि या दोन्ही गोष्टींमुळं तो उस्तादांना आवडायचा.

"लूमवर कधी डुलकी काढतोय का आप्पा?"

"काढतात की. दोन लूमच्या मधे, पोत्यावर."

"तेवढ्या खडखडाटात झोपणारा माणूस तुझ्या पंख्यानं उठतोय?"

उत्तर तयारच होतं. "लूमचा आवाज एका ठेक्यात चालतो. कान सरावतात. पंख्याचा आवाज खेळाप्रमाणं चढतो, उतरतो. मी मोबाइलवर मोजलाय."

"मोजलायस? झकास." उस्तादांना हसू आवरेना. "आणि उठल्यावर काय करतोय?"

"काही नाही. माझ्याकडं बघतात. पाणी पितात. परत पडतात. एका शब्दानं बोलत नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं."

उस्ताद काहीतरी बोलणार होते...

"जोड," एवढंच ते म्हणाले. "पाणी भरायला मी येतो."

पाणी भरलेलं मशीन रिक्षात घालून हलवायचं नाही, ही उस्तादांची रीत. मशीन जिथं राहणार, तिथंच पाणी. म्हणून अभिनंदननं सगळं घरी नेऊन जोडलं, आणि ठरलेल्या दिवशी दुपारी उस्ताद चपला बाहेर काढून, पाय न वाजवता खोलीत आले.

आप्पा खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपले होते. केसांत लूमवरचा कापूस तसाच होता. त्यांना जाग येऊ नये म्हणून अभिनंदन खुणेनंच बोलत होता.

टेबलावर मशीन उघडं होतं. शेजारी जुना कॉम्प्युटर नव्यासाठी गेम डिस्कवर उतरवत होता, आणि नाइलाजानं त्याचा पंखा ओरडत होता. प्रत्येक सांध्याखाली पांढऱ्या कागदाची घडी ठेवलेली. एक थेंब जरी गळला तरी कागद आधी सांगणार. वीज फक्त पंपाला, बाकी सगळं बंद.

उस्तादांनी बाटलीतून टाकीत पाणी सोडलं. नळ्यांमधून बुडबुडे पळाले. पेटी थोडी इकडं, थोडी तिकडं कलती करून त्यांनी अडकलेली हवा काढली. मग पाणी एकसारखं फिरायला लागलं.

गेम उतरवून झाला तसा अभिनंदननं जुना कॉम्प्युटर बंद केला आणि कान पेटीला लावला. मग उस्तादांना खुणावलं. त्यांनीही कान लावला.

"येतंय काही?" तो कुजबुजला.

"न्हाई."

पोराचा चेहरा असा खुलला, की उस्तादांना त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. पण हातात पाण्याची बाटली होती.

"जमलं, उस्ताद. पुण्याला नाही म्हणून कळवतो आता."

त्यानं मोबाइल काढला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. कागद कोरडे होते...

खाट करकरली.

"अभी?"

आप्पा भिंतीकडं बघूनच बोलत होते.

"अभी... गेलास काय रं?"

"हितंच हाय, आप्पा."

आप्पा धडपडत उठून बसले. पोराकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, उस्तादांना बघून अंगावरचं पांघरूण सारखं केलं. चेहऱ्यावरची भीती जायला वेळ लागला.

"काय वाजंना झालं," ते ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, झोपंत असतानाच गेलास."

"असा कसा जाईन, आप्पा? झोपा तुम्ही."

"व्हय."

ते आडवे झाले. पण डोळे उघडेच होते, छताकडं लागलेले.

अभिनंदन मशीनसमोर उभा राहिला. एकेक भाग त्यानं किती जीव लावून निवडला होता. आणि आत्ता त्याला आठवत होतं, की आप्पा नेहमी उठायचे ते खेळ संपल्यावर. पंखा मंदावला की. सगळं मोजणाऱ्या पोरानं तेवढंच मोजलं नव्हतं.

"उस्ताद, मी तर सगळं..."

उस्तादांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. पंपाच्या मागच्या बाजूला वेगाची छोटी चकती असते. शिष्यानं ती अगदी खालच्या खुणेवर ठेवली होती. उस्तादांनी ती हळूहळू वर फिरवत नेली, पार शेवटापर्यंत.

पंप घुमायला लागला. आधी बारीक, मग भरून. टाकीतलं पाणी गरगर फिरू लागलं. टेबलाची फळीही थोडी गुणगुणायला लागली.

अभिनंदननं घाईनं कागद बघितले. कोरडे होते.

मग त्यानं खाटेकडं बघितलं.

आप्पांचे डोळे मिटत आले होते. त्यांनी कूस बदलली, हात उशाखाली घातला, आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ चालायला लागला. तोंड जरासं उघडं पडलं. असे गाढ झोपलेले आप्पा अभिनंदननं फार दिवसांत बघितले नव्हते.

त्याचे डोळे भरून आले. तोंड धुवून येतो अशी खूण करत तो दाराकडं वळला.

उस्तादांनी त्याचा दंड धरला आणि त्याला खुर्चीत बसवलं.

"बस," ते म्हणाले. "तू उठलास की त्याची झोप मोडती."